‘श्यामची आई’ टीव्हीवर कधी लागणार? नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं प्रकरण

इंदिरानगर भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने जुने मराठी चित्रपट टीव्हीवर लागावेत म्हणून जी खटपट केली, तिची ही सविस्तर हकिगत. संघाचं आणि सभासदांचं नाव देत नाही, ज्या वाहिन्यांशी पत्रव्यवहार झाला त्यांचंही नाही. फिल्म सोसायटीचे खेळ लावताना प्रती, परवानग्या, हक्क या गोष्टींशी माझा संबंध येतो, म्हणून संघाने मला मदतीला बोलावलं. ‘टीव्हीवर जुनं काही लागतच नाही’ हे आपण घरोघरी ऐकतो. ते नेमकं कुठे अडतं हे इथे तपासता आलं, आणि एका चित्रपटापुरतं का होईना, सोडवताही आलं.

वहीतली मागणी

संघाचे बहुतेक सभासद नोकरीतून निवृत्त झालेले. कुणी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून, कुणी ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून, दोघी-तिघी शाळेतून. संध्याकाळचा फेरफटका झाला की हॉलवर बसायचं, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या. टीव्हीचा विषय त्यात हमखास निघायचा. मराठीत आता चित्रपटांच्या स्वतंत्र वाहिन्या आहेत. झी टॉकीज २००७ साली आली, पुढे आणखी आल्या, प्रवाह पिक्चर २०२२ मध्ये आली. दिवसभर चित्रपटच दाखवायचे म्हटल्यावर जुन्यांना जागा मिळेल अशी या मंडळींची साधी अपेक्षा होती. त्यांच्या अनुभवात मात्र ऐंशीच्या दशकापासूनचे ठरावीक विनोदी चित्रपट आलटून पालटून लागतात आणि उरलेली जागा नवे आणि मराठीत डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट घेतात. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मला म्हणाल्या, “‘अशी ही बनवाबनवी’ मला पाठ आहे. लागला की आजही हातातलं काम सोडून बघते. पण १९८८च्या आधी मराठीत सिनेमाच नव्हता असं माझ्या नातवाला वाटतं, त्याचं काय करायचं?”

अध्यक्षांनी हॉलवर एक दोनशेपानी वही ठेवली. डाव्या बाजूला चित्रपटाचं नाव लिहायचं, उजव्या बाजूला तो कुठे पाहिला ते. उजवी बाजू कुणी सुचवली ते कळलं नाही, पण वहीचा जीव तीच होती. ‘सांगत्ये ऐका’समोर एकाने ‘सिन्नरच्या जत्रेत, तंबूत, जमिनीवर बसून’ असं लिहिलं होतं. ‘जगाच्या पाठीवर’समोर ‘विजयानंद टॉकीज, वडिलांबरोबर’. ‘पिंजरा’समोर एका आजींनी नुसतं ‘घरी न सांगता’ इतकंच लिहिलं होतं. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांसमोर मात्र एकच उत्तर पुन्हा पुन्हा: ‘दूरदर्शनवर’. ते बरोबरच आहे. हे चित्रपट अनुक्रमे १९३७, १९३९ आणि १९४१ सालचे. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या माणसाने ते चित्रपटगृहात पहिल्यांदा लागले तेव्हा पाहणं शक्यच नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि पुढे शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी चित्रपट हा घराघरातला नेम झाला. प्रभात, दिग्दर्शक राजा परांजपे आणि अनंत माने ही नावं या पिढीपर्यंत पोचवली ती टीव्हीने. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. या लोकांना पडद्यावरचं तारुण्य परत नको आहे. एकेकाळी टीव्ही जे काम करायचा ते त्याने आजही करावं, इतकंच त्यांचं मागणं आहे.

वहीत एक नोंद वेगळी होती: ‘दादासाहेब फाळके यांचं काहीही’. लिहिणारे काका त्र्यंबकचे. फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला, हिंदुस्थान फिल्म कंपनी त्यांनी नाशिकला चालवली, १९४४ साली ते वारले तेही नाशिकलाच. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. काकांचं म्हणणं असं, की ३० एप्रिलला, त्यांच्या जन्मदिवशी, बातम्यांत त्यांचा फोटो दिसतो, चित्रपट दिसत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच आज शिल्लक आहे. पण जे शिल्लक आहे ते वर्षातून एकदा नाशिकच्या घरांत दिसायला काहीच हरकत नसावी.

मोबाइलवर आहे ना सगळं

घरच्या तरुणांकडून हे उत्तर प्रत्येकाला मिळालेलं. यादीतले कितीतरी चित्रपट इंटरनेटवर सापडतात हे खरंच आहे. मग टीव्हीचाच आग्रह कशासाठी?

पहिलं कारण शरीराचं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सहा इंचांच्या पडद्यावर अडीच तास बघणं होत नाही. स्मार्ट टीव्हीवर शोधायचं तर रिमोटने एकेक अक्षर टिपावं लागतं, आणि सापडलेली प्रत अर्धीच निघते किंवा मध्येच दुसरं काहीतरी सुरू होतं. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका म्हणाले, “मी एकटा बघणार आणि एकटाच संपवणार, त्यात काय आहे? रविवारी लागला की सोमवारी इथे आल्यावर बोलता येतं. समोरच्यानेही तोच पाहिलेला असतो.” टीव्हीवर चित्रपट लागणं म्हणजे गावाने एका वेळी एक गोष्ट पाहणं. मागणी त्याची होती, आणि ती मोबाइलवर भागणारी नव्हती.

पहिलं पत्र

वही भरत आल्यावर संघाने तिच्यातली सगळी नावं टाइप करून तीन वाहिन्यांना पाठवली. लेटरहेडवर, सर्वांच्या सह्यांनिशी. ‘हे दर्जेदार चित्रपट आपण प्रक्षेपित करावेत ही नम्र विनंती’. एका ठिकाणाहून पोच आली, बाकी काही नाही. मंडळी नाराज झाली. मी या टप्प्यावर त्यांच्यात आलो.

त्या पत्रातला एकही शब्द चुकीचा नव्हता, पण ते वाचून कुणी काही करू शकेल असंही त्यात काही नव्हतं. वाहिनीत बसलेल्या माणसाला चार गोष्टी लागतात: कोणता चित्रपट, हक्क कुणाचे, प्रत कुठे आहे, आणि तो कोणत्या दिवशी का लावायचा. लांबलचक यादीतल्या प्रत्येक नावापुढे ही चार उत्तरं शोधायला कुणाला वेळ असतो? म्हणून आधी आम्ही ती स्वतः शोधायची ठरवली.

हक्कांचा हिशेब

वहीतल्या यादीवर मी सालवार एक रेघ मारली. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क तो प्रदर्शित झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ २०१९ अखेर मोकळा झाला, १९६०चा ‘जगाच्या पाठीवर’ २०२० अखेर. २०२६ साल धरलं तर १९६५ आणि त्याआधीचे सगळे चित्रपट रेघेच्या वर येतात. ‘पिंजरा’ १९७२चा, त्याला २०३२ अखेरपर्यंत थांबावं लागेल. ‘सिंहासन’ १९७९चा, म्हणजे २०३९. रेघेखालच्या चित्रपटांना मालक आहे आणि मालकाशी व्यवहार करावा लागतो. रेघेवरच्यांना तो प्रश्न नाही.

संघात हे सांगितलं तेव्हा लोक सुखावले आणि मग चिडले. फुकट दाखवता येतात तर दाखवत का नाहीत? तेव्हा गाण्यांचा भाग सांगावा लागला. चित्रपट मोकळा झाला म्हणजे त्यातलं गीत मोकळं होतंच असं नाही. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शिवाय २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून त्यांना मोबदल्याचा वाटा मिळण्याची तरतूद केली. ती जुन्या करारांना कितपत लागू होते यावर वकिलांत मतभेद आहेत, आणि असे मतभेद असले की मोठ्या वाहिनीचा विधी विभाग ‘नको’ म्हणून मोकळा होतो. तो दोष मी त्यांना देत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या करारांचे कागद वारसांकडेही नसतात.

मोकळा हक्क आणि हाती न येणारी प्रत

खरी अडचण कायद्यात नाही, प्रतीत आहे. हे प्रकरण लिहिण्यामागे मला सांगायची गोष्ट हीच. चित्रपट कायद्याने सगळ्यांचा झाला तरी तो दाखवायला दाखवण्याजोगी प्रत लागते, आणि ती तयार करण्याचा खर्च ज्याने करायचा त्याच्याकडे आता हक्कच उरलेला नसतो. मालक होता तेव्हा त्याला खर्चाचं कारण तरी होतं. साठ वर्षं उलटली की कुणालाच कारण उरत नाही.

३५ मिलिमीटरचं एक रीळ साधारण हजार फुटांचं, चालतं जेमतेम अकरा मिनिटं. अडीच तासांच्या चित्रपटाची अशी चौदा रिळं होतात. १९५०च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असायची, भयंकर ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या वारशासह कितीतरी रिळं त्यात गेली. नंतर आलेली अ‍ॅसिटेटची फिल्म पेटत नाही, पण दमट हवेत सडते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं म्हणून जे वाचलं ते वाचलं. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. तिथे डिजिटल जतनाचं काम चालतं, पण देशभरच्या चित्रपटांची रांग मोठी आहे.

वाहिनीला हवी असते फुल एचडी फाइल, १९२० गुणिले १०८० बिंदूंची. बाजारात जुन्या मराठी चित्रपटांच्या ज्या व्हीसीडी निघाल्या त्यांचं चित्र असतं ३५२ गुणिले २८८. या दोन आकड्यांमध्येच अर्धं उत्तर आहे.

वेळेचा हिशेब थोडक्यात सांगतो. नियमाप्रमाणे तासाला जाहिराती आणि स्वतःची प्रसिद्धी मिळून जास्तीत जास्त १२ मिनिटं. म्हणजे तासाला ४८ मिनिटं चित्रपट. अडीच तासांच्या चित्रपटाला तीन तासांहून थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळेत मालिकेचे सहा भाग पुन्हा दाखवता येतात. त्यात प्रेक्षक मोजले जातात ते निवडक घरांत मीटर बसवून, आणि जाहिरातदार ज्या वयोगटासाठी पैसे मोजतो त्यात साठीपुढची माणसं क्वचित असतात. ती टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ बसतात, तरीही.

एकच चित्रपट, एकच दिवस

आता यादी बाजूला ठेवून एक नाव निवडायचं होतं. बैठकीत बराच वाद झाला. प्रेसवाले काका ‘सांगत्ये ऐका’च्या नायिका हंसा वाडकर यांच्यासाठी अडून बसले. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला हे त्यांनी दोनदा सांगितलं. प्रभातवाल्यांचं म्हणणं, ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, त्याच्याइतका मान कुणाचा? शेवटी बाईंनी जो मुद्दा काढला त्यापुढे कुणी बोललं नाही.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिलं ते नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये. ९ तारखेला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला पहाटे संपवलं. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९५३ला आला. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले १९५४ मध्ये, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते याला. ज्या गावात हे पुस्तक लिहिलं गेलं त्या गावातल्या लोकांनी हा चित्रपट मागायचा. २४ डिसेंबर हा गुरुजींचा जन्मदिवस, म्हणून त्याच्या अलीकडचा रविवार. पुस्तक मोकळं, कारण गुरुजी १९५० साली गेले. चित्रपट २०१३ अखेर मोकळा. गीतं मात्र अजून हक्कात आहेत: ‘भरजरी गं पितांबर’चे शब्द अत्र्यांचे, ते १९६९ला गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. संगीत वसंत देसाईंचं, ते १९७५ला गेले, म्हणजे २०३५.

दुसरं पत्र एका पानाचं झालं. चित्रपटाचं नाव, साल, पदक, नाशिकचा संबंध, हक्कांची स्थिती सालासकट, सुचवलेला दिवस आणि वेळ, आणि प्रत मिळवायला आम्ही मदत करू हे आश्वासन. ते आधीच्याच तीन वाहिन्यांना गेलं. शिवाय आणखी एका ठिकाणी, जे पहिल्या वेळी कुणाला सुचलं नव्हतं: भागातल्या केबलचालकाच्या लोकल चॅनेलला. या चॅनेलवर नाशिकच्या बातम्या, गणपती मिरवणूक, भजनं, छोट्या दुकानांच्या जाहिराती असतात. मोठ्या वाहिन्यांपैकी एकीने या वेळी खरोखर उत्तर दिलं, की एचडी प्रत उपलब्ध असल्यास विचार करू. केबलचालक तर दुसऱ्या दिवशी हॉलवरच आला. त्याची आजी संघाची सभासद आहे हे तेव्हा कळलं.

प्रती पाहताना

केबलचालकाचं म्हणणं रोखठोक होतं. रविवारी दुपारी चॅनेल मोकळंच असतं, लावतो. पण प्रत द्या, सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसलं पाहिजे, आणि उद्या कुणी नोटीस पाठवली तर दाखवायला कागद द्या.

सभासदांच्या घरांतून प्रती गोळा झाल्या आणि आम्ही त्या हॉलवरच्या टीव्हीवर लावून पाहिल्या. इंटरनेटवरून उतरवलेली प्रत आधी लावली. चित्र रुंदीत ताणलेलं होतं. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन. आजचा टीव्ही सोळास नऊ. ताणून बसवलं की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंचा तो शांत, निमुळता चेहरा ओळखू येईना. बाई उठल्याच. “हे नको,” म्हणाल्या, “आई अशी नाही दिसत.” कुणीतरी रिमोटवरचं झूमचं बटण दाबलं, तर रुंदी नीट झाली पण वरखालून मिळून उंचीचा पाव भाग गेला. उभ्या माणसांची कपाळं नाहीशी झाली.

मग व्हीसीडी आली, दोन चकत्यांची. चौकट ठीक, पण चित्र धुरकट, आणि पहिली चकती एका संवादाच्या मध्येच संपत होती. इथे एक बारीक गोष्ट हाती लागली. संघातले एक जण पेटी वाजवतात. ‘भरजरी गं पितांबर’ सुरू झालं तसे ते म्हणाले, “पट्टी चढी आहे. आशाताई इतक्या वर नव्हत्या गायल्या.” रेकॉर्डवरून त्यांनी ते गाणं बसवलेलं, त्यामुळे कान पक्का. त्यांचं बरोबर होतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत २५ चौकटींची. रूपांतर करताना तो तसाच पळवला की चार टक्क्यांनी वेगवान होतो आणि आवाज किंचित वर जातो. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपतो. आपण टीव्हीवर आणि व्हीसीडीवर ऐकलेली कितीतरी जुनी गाणी अशी चढी ऐकली आहेत.

शेवटी एका सभासदाच्या मुलाने कधीकाळी घेतलेली अस्सल डीव्हीडी मिळाली. चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे एचडी नव्हे, पण स्वच्छ. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पूर्ण वाचता येत होतं. चित्राचा आणि आवाजाचा वेग केबलचालकाच्या मुलाने संगणकावर चार टक्के उतरवून दिला. पेटीवाल्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीला आम्ही लेखी विचारलं. एका प्रक्षेपणाला हरकत नाही, नामनिर्देश करा, असं दोन ओळींचं उत्तर आलं. गाण्यांच्या प्रक्षेपणाचा वार्षिक परवाना केबलचालकाकडे आधीपासून होता. हे कागद एका फायलीत लावून त्याला दिले.

संघाने त्याला एक अट मात्र घातली, आणि मला ती फार आवडली. गाणं चालू असताना जाहिरात नको, आणि मोठी सुट्टी चित्रपटात जिथे मध्यंतर आहे तिथेच. त्याने ती पाळली.

त्या रविवारी

चित्रपट दुपारी दोनला लागला. बहुतेकांनी घरीच पाहिला. एकट्या राहणाऱ्यांसाठी हॉलवर टीव्ही लावला होता. पहिला फोन पाच मिनिटांत आला: बाजूला काळ्या पट्ट्या दिसतायत, टीव्ही बिघडला का? मग असेच आणखी. केबलचालकाने खाली सरकती पट्टी टाकली, ‘चित्रपट मूळ आकारात दाखवत आहोत’, तेव्हा फोन थांबले. हे आधीच करायला हवं असतं ही बाब पुढच्यांनी टिपून ठेवावी. ज्यांच्या टीव्हीवर तरीही चेहरे रुंद दिसत होते त्यांच्या घरी नातवंडांनी सेटिंगमध्ये जाऊन चारास तीन केलं.

‘छडी लागे छमछम’ लागलं तेव्हा हॉलवर सगळे म्हणायला लागले. त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याचं. बाईंचा नातू, दहावीतला, आजीला सोडायला आला होता आणि उभ्याउभ्या बघत राहिला, मग खुर्ची ओढून बसला. मध्यंतरात त्याने विचारलं, हे खरंच नाशिकच्या जेलमध्ये लिहिलं का? आणि श्यामचं काम करणारा मुलगा कोण? माधव वझे, आजीने सांगितलं. शेवटपर्यंत तो बसला. मागे वही ठेवलेली होती, तिच्यात जाताना त्याने उजव्या रकान्यात लिहिलं: ‘संघाच्या हॉलवर, आजीबरोबर’.

सोमवारी हॉलवर नेहमीपेक्षा गर्दी होती. केबलचालकाकडे संघाबाहेरच्या लोकांचेही फोन आले होते, पुन्हा कधी म्हणून. किती, ते त्याने मोजलं नव्हतं, आणि मोजायची सोय नाही हाच या सगळ्या व्यवहाराचा कच्चा दुवा आहे. मोठ्या वाहिनीला सांगायला आमच्याकडे आकडा नाही. मी त्याला सुचवलं की पुढच्या वेळी मिस्ड कॉलचा एक नंबर पडद्यावर दे. तो तयार आहे.

पुढचं काम

केबलचालकाने महिन्यातला एक रविवार द्यायचं कबूल केलं आहे. क्रमाने ‘जगाच्या पाठीवर’ आणि ‘सांगत्ये ऐका’ ठरले आहेत. दोन्ही रेघेच्या वरचे. पहिल्याची बरी प्रत मिळाली, दुसऱ्याची मिळालेली नाही. ३० एप्रिलसाठी फाळक्यांच्या शिल्लक चित्रफिती मिळाव्यात म्हणून पुण्याला पत्र गेलं आहे. ज्या मोठ्या वाहिनीने एचडी प्रत मागितली तिला आम्ही प्रामाणिकपणे कळवलं, की ती आमच्याकडे नाही. तिथला विषय सध्या थांबला आहे. मराठी चित्रपटांना अनुदान देणाऱ्या राज्याने मोकळ्या झालेल्या चित्रपटांच्या प्रक्षेपणयोग्य प्रती करून त्या मागेल त्याला द्याव्यात, असं निवेदन संघ तयार करतोय. माझ्या मते संघाचं हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. नव्या चित्रपटाला दिलेल्या अनुदानाच्या मानाने यातला एका चित्रपटाचा खर्च थोडा असेल, आणि उपयोग प्रत्येक वाहिनीला, प्रत्येक शाळेला होईल.

प्रक्षेपणानंतर पंचवटीतल्या एका कुटुंबाचा फोन आला. आजोबांची फिरती टॉकीज होती, माळ्यावर पत्र्याचे काही डबे आहेत, त्यात काय असेल? जाऊन पाहिलं. फिल्म १६ मिलिमीटरची होती, म्हणजे पेटणारी नव्हे, पण दोन डब्यांना तो आंबट वास सुटला होता. लेबलं गेलेली. घरच्यांनी ती प्रोजेक्टरवर चढवायचा विचार केला होता, तो आम्ही थांबवला, कारण आकसलेली फिल्म दातऱ्यांवर फाटते. डबे आता कोरड्या खोलीत, सुटे सुटे, आडवे ठेवले आहेत आणि संग्रहालयाला फोटोंसह कळवलं आहे.

नाशिक, सिन्नर, येवला, मालेगाव या पट्ट्यात फिरत्या टॉकीज भरपूर होत्या. तुमच्याकडे असे डबे असतील तर घरी फिल्म उलगडू नका, उन्हात वाळवू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. डब्याचा आणि फिल्मच्या कडेवरच्या अक्षरांचा फोटो काढा आणि पुण्याच्या संग्रहालयाला पाठवा. फिल्म ३५ मिलिमीटरची असेल आणि काळ १९५०च्या आधीचा वाटत असेल तर ती आगीपासून, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि आधी फोन करा. ‘सांगत्ये ऐका’ची चांगली प्रत कुणाकडे असेल तर संघाला ती हवीच आहे.